हिरवा वाडगा, खोपोली ते कर्जत

खोपोलीहून कर्जतला लोकलने जायला जेमतेम अर्धा तास लागतो. लौजी, डोळवली, केळवली, पळसदरी आणि मग कर्जत. बोरघाट चढणारी रेल्वे १८६३ साली सुरू झाली. त्याआधी, १८५६ पासून, मुंबईची गाडी खोपोलीपर्यंतच येई आणि पुण्याला जाणारे लोक इथे उतरून पालखीने किंवा घोड्यावरून खंडाळा गाठत. पुढे गाडी पळसदरीहून थेट घाट चढू लागली आणि आमची खोपोली फाट्यावर राहिली. याच फाट्यावर आमचे घर आहे, शाळा आहे, आणि गेल्या वर्षापासून आमच्या थोरलीचा रोजचा प्रवासही याच फाट्यावरचा. ती अकरावीला कर्जतच्या कॉलेजात जाते.

सकाळची लोकल पकडायची म्हणून ती फज्रच्या नमाजनंतर लगेच तयारीला लागते. दादी चपातीत अंड्याची पोळी गुंडाळून दारात उभी. थोरलीचे ठरलेले उत्तर, "दादी, भूक नाहीये." अर्धा कप चहा आणि त्यात बुडवलेली एक खारी, एवढ्यावर ती दुपारी दोनपर्यंत काढते. आम्ही दोघेही शाळेत शिकवतो, उर्दू आणि मराठी. दुसऱ्यांच्या मुलांच्या डब्यावरून पालकसभेत बोलतो, आणि घरची मुलगी रोज उपाशी निघते. ही गोष्ट आम्ही बरेच दिवस कोणाला सांगितली नव्हती.

डिसेंबरच्या सुट्टीत मुंब्र्याहून थोरलीच्या खालाचे कुटुंब आले. त्यांनी कर्जतजवळ कोंदिवड्याच्या रस्त्याला दोन दिवसांसाठी एक फार्महाऊस घेतले होते. कर्जतचा हा भाग ज्यांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वी पाहिला असेल त्यांना आता ओळखू येणार नाही. उल्हास नदीच्या काठाने भातखाचरांच्या मधून जाणारा रस्ता तोच आहे, डावी-उजवीकडे राजमाचीचे डोंगर तेच आहेत, पण दर दोनशे पावलांवर एक फाटक आणि फाटकावर इंग्रजी नाव. शेतावर राबणारी माणसे आता त्याच फाटकांच्या आत झाडलोट करताना दिसतात. असो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांच्या हट्टाने सगळे जवळच्या एका रिसॉर्टमध्ये नाश्त्याला गेले. तिथे थोरलीने आणि तिच्या मावसबहिणीने जे मागवले ते नारळाच्या घासलेल्या करवंटीत आले. आत घट्ट, गार, पोपटी रंगाचे काहीतरी. वर केळ्याच्या चकत्या, कसल्याशा काळ्या बिया, सुक्या खोबऱ्याचे काप. नाव, माचा योगर्ट स्मूदी बाउल. किंमत साडेचारशे रुपये. तेवढ्यात आमच्याकडे जवळजवळ आठवड्याचे दूध येते. धाकट्याने चमचाभर चाखून तोंड वाकडे केले. "गवत लागतंय," म्हणाला.

थोरलीने मात्र करवंटी निपटून खाल्ली. सकाळी नऊ वाजता तिने पोटभर काहीतरी खाल्लेले आम्ही कित्येक महिन्यांनी पाहत होतो. बिलाचे पैसे खालाने दिले, पण परतताना रिक्षात आमच्या दोघांच्या मनात एकच हिशेब चालू होता, की हे घरी करता येईल का.

माचा म्हणजे जपानी चहाची पूड. तिकडे क्योटोजवळचे उजी हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. तोडणीच्या आधी तीनेक आठवडे चहाच्या झुडपांवर आच्छादन घालतात. ऊन कमी मिळाले की पान अधिक हिरवे होते आणि तुरटपणा कमी होऊन चवीला गोडसर भरदारपणा येतो. मग पाने वाफवून, वाळवून, शिरा-देठ काढून दगडी जात्यावर अगदी टाल्कम पावडरसारखी बारीक दळतात. आपण चहा उकळतो, गाळतो आणि चोथा टाकून देतो. इथे चोथा नाहीच. अख्खे पान पोटात जाते. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे त्यावरच सगळे अडले.

चहाची पूड पाण्यात घुसळून पिण्याची पद्धत मुळात चीनची. एइसाई नावाचा जपानी भिक्षू ११९१ साली चीनहून परतताना चहाचे बी घेऊन आला आणि १२११ मध्ये त्याने चहाच्या गुणांवर एक पुस्तकच लिहिले. ध्यानाला बसलेल्या भिक्षूंना झोप येऊ नये म्हणून मठांमधून हा चहा पसरला. हे वाचले तेव्हा आम्हाला यमनच्या सूफींची आठवण झाली. पंधराव्या शतकात तेही रात्रीच्या जिक्रसाठी जागे राहावे म्हणून कॉफी पीत. आपल्याकडे बाबा बुडन यांनी हजहून परतताना कॉफीच्या सात बिया आणून चिकमंगळूरच्या डोंगरात लावल्या असे सांगतात. बंदगीसाठी जागे राहायला शोधलेली दोन्ही पेये, आणि आज दोन्ही साडेचारशे रुपयांना मिळतात.

जानेवारीत खालाने मुंबईहून माचाचा छोटा डबा पाठवला. ३० ग्रॅमचा, नऊशे रुपयांचा. एका वेळेला दोन ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचा, तर पंधरा वाडगे होतात. दर वाडग्याला साठ रुपये नुसत्या पुडीचे. याआधी थोरलीने स्वतःच्या खाऊच्या पैशांतून एक स्वस्त पाकीट मागवले होते. मागच्या बाजूचे बारीक अक्षर वाचले तर पहिला घटक साखर, दुसरा दूध पावडर आणि चहा तिसऱ्या नंबरावर. डब्यांवर 'सेरेमोनियल ग्रेड' वगैरे लिहिलेले असते, पण ही काही कायद्याने ठरवलेली प्रतवारी नव्हे, विकणारा आपल्या मर्जीने लिहितो. त्यापेक्षा रंग पाहावा. पोपटी, टवटवीत असेल तर बरी. शेवाळी किंवा पिवळट असेल तर जुनी किंवा हलकी.

पहिला प्रयोग एका रविवारी झाला आणि पुरता फसला. आम्ही चहाचीच सवय असलेली माणसे. पुडीवर उकळते पाणी ओतले. रंग गेला, कडवटपणा वर आला, शिवाय गुठळ्या झाल्या. दही फ्रिजमधले, पातळ. ते घट्ट व्हावे म्हणून बर्फाचे खडे घातले, त्यामुळे आणखी पातळ झाले. मिक्सर एवढा वेळ फिरवला की भांडे गरम झाले आणि बर्फही विरघळला. शेवटी काचेच्या वाडग्यात हिरवट ताक तयार झाले, वर तरंगणाऱ्या गर्द हिरव्या गोळ्यांसह.

दादी बाहेरून आली, वाडग्यात डोकावली आणि म्हणाली, "ईद कधी आहे? मेंदी कोणी कालवली?"

त्या दिवसापासून घरात त्या पदार्थाचे नाव मेंदी. "आज मेंदी आहे का?" असे धाकटा विचारतो.

दुसऱ्या, तिसऱ्या वेळेला जमू लागले. जमण्यात जपानचे काही नव्हते, सगळे आपल्याच स्वयंपाकघरातले होते. दही घट्ट हवे, तर श्रीखंडासाठी आपण जे करतो तेच. खालापूरच्या बाजूने येणाऱ्या दूधवाल्याचे म्हशीचे दूध उकळून, बोट सोसेल इतके कोमट झाल्यावर विरजण. सकाळी लागलेले दही संध्याकाळी मलमलच्या कापडात बांधून सिंकवर टांगायचे. रात्रीपर्यंत चक्का तयार. बाजारात 'ग्रीक योगर्ट' म्हणून छोट्या डब्यात जे महाग मिळते ते याच्याहून फार वेगळे नाही. घरच्या दह्यात साखर, रंग, जिलेटिन असे काही नसते, त्यामुळे डब्यावरची खूण शोधत बसावे लागत नाही. निथळलेले पाणी टाकू नये, चपातीची कणीक त्यात मळावी.

घट्टपणाचे खरे गुपित मात्र केळ्यात आहे. केळी पिकलेली, सालीवर काळे ठिपके आलेली घ्यायची, सोलून चकत्या करून रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवायची. सकाळी त्या गोठलेल्या चकत्या चक्क्याबरोबर मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात थांबत-थांबत फिरवल्या की आइस्क्रीमसारखे होते, बर्फ लागत नाही, पाणीही नाही. चमचा उभा राहतो. माचा आधी चहाच्या गाळणीतून चाळून, दोन-तीन चमचे गरम पण न उकळलेल्या पाण्यात छोट्या रवीने फेटून घ्यायचा. पाणी उकळून पाच-सात मिनिटे उघडे ठेवले तरी पुरे. जपानी लोक यासाठी अखंड बांबूच्या तुकड्याची कोरलेली रवी वापरतात. आमच्याकडे ताकाची होती, तिच्याने काम झाले. गोडीसाठी दोन खजूर.

फेब्रुवारीपर्यंत थोरली आठवड्यातून चार-पाच दिवस वाडगा खाऊन लोकल पकडू लागली. आम्ही खूश होतो. शेजारी, नातेवाइकांत सांगत होतो.

मग कॉलेजात तपासणी झाली आणि तिचे हिमोग्लोबिन ९.४ निघाले. या वयाच्या मुलीचे १२ च्या खाली असले की रक्तक्षय धरतात.

इथे थोडे कबूल करावे लागेल. आमच्या शाळेत दर आठवड्याला निळ्या गोळ्या वाटण्याचे काम आमच्यातल्याच एकाकडे आहे. सरकारी योजनेतली ही गोळी सहावीपासून पुढच्या मुलामुलींना देतात. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असते. वर्गात आम्हीच सांगतो, उपाशीपोटी घेऊ नका, चहाबरोबर घेऊ नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचे आढळले. हा आकडा आम्ही फळ्यावर लिहिलेला आहे. त्या ५९ मध्ये आपली मुलगी असेल असे मात्र कधी वाटले नाही. आपण गोश्त खाणारी माणसे, आपल्या घरात कसला रक्तक्षय!

खोपोलीतल्या डॉक्टर बाईंनी तिचे डोळे, नखे पाहिली आणि विचारले, "सकाळी काय खाते?" आम्ही थोड्या अभिमानानेच वाडग्याचे वर्णन केले. त्यांनी पेन खाली ठेवले.

"माचा म्हणजे चहाच ना?"

"हो, पण हिरवा…"

"हिरवा असो नाहीतर काळा. आणि दुपारी जेवल्यावर?"

"अर्धा कप चहा घेते."

"आणि संध्याकाळी?"

संध्याकाळी क्लासहून आल्यावर चहा-खारी. आमच्या लक्षात येऊ लागले.

त्यांनी समजावले ते असे. चहाच्या पानात जे तुरट घटक असतात ते अन्नातल्या लोहाला पोटातच धरून ठेवतात, ते रक्तात उतरू देत नाहीत. जेवणाबरोबरच चहा घेतला तर डाळ, भाजी, नाचणी यांतले लोह अर्ध्याहूनही अधिक वाया जाऊ शकते. मांसातल्या लोहाला ही अडचण कमी. चहा आणि जेवण यांत निदान तासाभराचे अंतर ठेवले तर बरेच नुकसान टळते. लिंबू, आवळा, पेरू असे आंबट काही जोडीला असेल तर लोह उलट जास्त मिळते. दह्यातल्या कॅल्शियमचाही थोडा अडथळा होतो, म्हणून गोळी वाडग्याबरोबर द्यायची नाही, रात्री जेवणानंतर लिंबूपाण्याने द्यायची. आणि माचात तर पान अख्खेच पोटात जाते. "वाडगा वाईट नाही," त्या म्हणाल्या, "दही आहे, केळं आहे, मुलगी खाते आहे. पण रक्त वाढवायला तुम्ही तिला चहा खायला घालताय."

पुढचा प्रश्न त्यांनी सहज विचारला. "घरात मटण-कलेजी कोणाच्या ताटात जास्त जाते?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. आठवड्यातून दोनदा गोश्त शिजते. बोट्या दादी वाढते. आधी घरातल्या पुरुषाला, मग धाकट्याला, "वाढता मुलगा आहे". थोरलीच्या वाट्याला रस्सा, बटाटा आणि एखादी हाडाची बोटी. तिनेही कधी मागितले नाही. कलेजी तर गेल्या बकरी ईदपासून तिने खाल्ली होती का, हे आम्हा दोघांनाही आठवेना. दादीला दोष देण्यात अर्थ नाही. ती वाढत होती आणि आम्ही समोर बसून खात होतो.

यंदाचा रमजान या सगळ्याच्या मागोमाग आला. थोरलीला सेहरीला वाडगा हवा होता. दिला, पण माचा न घालता. चहाचे कॅफीन त्यातही असतेच, आणि चांगली तल्लफ लागेल इतके असते. सेहरीला त्याची सवय लावून दिवसभर डोके दुखवून घेण्यात शहाणपणा नव्हता. केळे, चक्का, खजूर, वरून तीळ. पांढराफटक दिसायचा. ती म्हणाली, "चव बरी आहे, पण मेंदी नाही." रंगावाचून तिला तो वाडगाच वाटेना.

मेच्या सुट्टीत एक दिवस आम्ही चौघे कर्जतला निघालो. काम थोरलीच्या क्लासच्या फीचे होते, पण धाकट्याला जांभळे हवी होती आणि आम्हाला नाचणी. केळवली स्टेशन आले तेव्हा धाकट्याने विचारले, "इथे केळी पिकतात का?" खिडकीतून तरी दिसली नाहीत. पळसदरीला बोगद्यांकडे चढणारे घाटाचे रूळ वळताना दिसले. कर्जतला पूर्वी घाट चढणाऱ्या प्रत्येक गाडीला मागून जादा इंजिने जोडत, तोवर गाडी थांबे आणि फलाटावर दिवाडकरांच्या वड्यावर झुंबड उडे. आम्हीही वडापाव खाल्ले. थोरलीने दोन खाल्ले. त्यावर आम्ही काही बोललो नाही.

स्टेशनबाहेर ठाकर वाड्यांवरच्या बाया टोपल्या मांडून बसल्या होत्या. करवंदे, जांभळे, कैऱ्या. सगळे वाट्याने, पळसाच्या पानांच्या द्रोणात. एका मावशीकडून करवंदांचे दोन आणि जांभळांचे दोन वाटे घेतले. थोरलीने मोबाईलवर वाडग्याचा फोटो काढलेला होता, तो मावशीला दाखवून म्हणाली, "मावशी, आम्ही यावर जांभळं घालणार आहोत."

मावशीने फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. "टाकळा घातलाय का शेवगा?"

"चहा आहे तो."

"चहा असा हिरवा?" ती हसली. "आमच्याकडं शेवग्याचा पाला असाच दिसतो वाळवल्यावर. सावलीत वाळवायचा. उन्हात घातला की काळा पडतो."

शेअर रिक्षाने कशेळ्याकडे जाताना हेच डोक्यात होते. सावलीत वाळवायचा! तिकडे उजीला झुडपांवर सावली धरतात आणि इकडे ही बाई पाल्यावर. त्या भागातली पेज नदी मे महिन्यातही वाहत होती, म्हशी पाण्यात बसल्या होत्या. १९२२ साली टाटांनी भिवपुरीला वीज केंद्र सुरू केले, वीज तयार झाल्यावरचे पाणी पेजेत सोडतात, म्हणून ती आटत नाही. आमच्या खोपोलीतही १९१५ पासून तसेच केंद्र आहे आणि त्याच्या पाण्यावर पाताळगंगा उन्हाळाभर वाहते. दोन्ही तालुक्यांना घाटमाथ्यावरच्या धरणांचे पाणी असे वीज देऊन झाल्यावर मिळते. तरी वरच्या वाड्यांतल्या बाया मेमध्ये हंडे घेऊन लांब लांब जातात, तेही रिक्षातून दिसले.

कशेळ्याच्या नाक्यावर दोन किलो नाचणी घेतली. डोंगरउतारावरची, बारीक दाण्याची, गडद. नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि लोहही असते. आमच्या लहानपणी नाचणीची भाकरी म्हणजे गरिबीची खूण समजत. पाहुणे आले की दादी ती झाकून ठेवी. आता कोंदिवड्याच्या फाटकांआड तिचीच बिस्किटे विकतात.

घरी येऊन दादीला शेवग्याचे सांगितले तर ती म्हणाली, "मग परसात काय आहे?" परसात शेवगा आहेच. पावसाळ्याच्या तोंडावर त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी दरवर्षी होते. शेंगा शेजारीपाजारी जातात. त्याचा पाला खुडला, धुतला, ओट्याच्या वरच्या माळ्यावर जुन्या ओढणीवर पसरला. तीन दिवसांत चुरचुरीत झाला. मिक्सरमधून काढून मलमलने चाळला. रंग जवळजवळ तोच. वास मात्र वेगळा, भाजीचा. खरे सांगायचे तर ही माचा नाही आणि तिला तसे म्हणूही नये. चव उग्र आहे, चमच्याच्या वर घातली तर केळेही ती झाकू शकत नाही. पण अर्धा चमचा, दोन खजूर आणि वर कुस्करलेली जांभळे असली की थोरली खाते. पोपटी रंगावर जांभळा रंग उतरतो तो दिसायलाही छान दिसतो. धाकटा अजून गवतच म्हणतो.

सध्या आमचा वाडगा असा होतो. दोन माणसांसाठी चार वेलची केळी, रात्रभर गोठवलेली. वाटीभर चक्का. तीन खजूर. अर्धा ते पाऊण चमचा शेवग्याची पूड. वरून तव्यावर खमंग भाजलेले नाचणीचे पीठ चमचाभर, भाजलेले शेंगदाणे, तीळ आणि ऋतूत जे मिळेल ते. मेमध्ये करवंदे-जांभळे, थंडीत पेरू. करवंदांच्या बिया आधी काढाव्यात, नाहीतर लोकल चुकते. माचाचा वाडगा बंद केलेला नाही. तो रविवारी संध्याकाळी होतो, जेवणाच्या बऱ्याच आधी, सगळे घरात असताना. नऊशे रुपयांचा डबा होता, टाकून कसा देणार. एवढे मात्र केले की फ्रिजमध्ये घट्ट झाकून ठेवला. उघडा राहिला तर महिन्याभरात रंग उतरतो.

सकाळचा चहा सोडणे आम्हालाच सर्वांत जड गेले. आता तो नाश्त्याआधी एक तास, फज्रनंतर लगेच होतो. दुपारच्या जेवणावरचा चहा बंद आहे. शाळेत शिक्षकांच्या खोलीत डबा संपता-संपता चहाची किटली येते, तेव्हा "नंतर" म्हणावे लागते. त्यावर सहकारी हसतात. हल्ली दोघी-तिघी "नंतर" म्हणू लागल्या आहेत.

जूनमध्ये थोरलीची तपासणी पुन्हा झाली. हिमोग्लोबिन ११.१. हे वाडग्यामुळे झाले असे आम्ही म्हणणार नाही. तीन महिने रोज रात्री लिंबूपाण्याबरोबर घेतलेल्या गोळीचे ते काम आहे, असे डॉक्टर बाईंनी स्पष्ट सांगितले आणि गोळ्या आणखी काही महिने चालू ठेवायला सांगितल्या. बारापर्यंत पोचायचे बाकी आहे.

बकरी ईदला कलेजी शिजली तेव्हा दादीने भांडे समोर ओढले, डाव भरला आणि आधी थोरलीच्या ताटात वाढला. धाकट्याने ताट पुढे केले होते, तो पाहतच राहिला. "तुला मेंदी आहे," दादी म्हणाली.

माचाचा डबा गेल्या आठवड्यात संपला. रिकामा डबा दादीने धुऊन उन्हात वाळवला आणि त्यात शेवग्याची पूड भरली. वरचे जपानी अक्षरांचे लेबल तसेच आहे.